बारापुल्ला म्हणजे बारा पूल?

प्रश्न असा आला आहे: 'छत्रपती संभाजीनगरात बारापुल्ला दरवाजा आहे. खाम नदीवर तिथं पूल तर एकच. मग बाकीचे अकरा कुठं गेले?'

माझ्या मते ते कधी नव्हतेच. हैदराबादचा चारमिनार म्हणजे चार इमारती नव्हेत, चार मिनार असलेली एकच इमारत. बारादरी म्हणजे बारा दारांचा एकच मंडप. बारापुल्ला हा शब्दही तसाच, बहुव्रीहीच्या (ज्याला बारा आहेत असा एक, या अर्थाच्या समासाच्या) अंगाने वाचायचा. पूल एक, त्याचे भाग बारा.

भाग कोणते? दिल्लीला याच नावाचा जहांगीरच्या काळातला दगडी पूल आहे. त्याला खांब बारा आणि कमानी अकरा. दोन खांबांमधल्या जागेला आपण गाळा म्हणतो, आणि गाळ्यांपेक्षा आधार नेहमी एक जास्तच लागतो. म्हणजे दिल्लीच्या नावातला आकडा खांबांचा ठरतो. गाळा हा शब्द मला फार आवडतो. दुकानाचा गाळा आणि पुलाचा गाळा एकच, दोन आधारांमधली मोकळी जागा. कमान मूळ फारसीत धनुष्य. धनुष्यासारखा बाक दिला की वरचं वजन दोन्ही बाजूंनी खांबांकडे उतरतं आणि मधून पाणी मोकळं जातं.

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवलं, औरंगजेबाने 1682 मध्ये शहराला तट घातला. पश्चिमेला खाम आडवी, म्हणून त्या अंगाला दरवाजा आणि पूल जोडीनेच भेटतात. पनचक्कीजवळचा महमूद दरवाजा घ्या, नाहीतर मकाई. अशा जोडीत पुलाचं नाव दरवाज्याला चिकटणं साहजिकच.

जाता जाता लेखनाचं. फारसी 'पुल' मराठीत 'पूल' झाला, कारण अकारान्त शब्दात उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, उकार आपण दीर्घ लिहितो. विभक्ती लागली की तो पुन्हा ऱ्हस्व: पुलावर, पुलाखाली. 'पूलावर' असे फलक आपल्याकडे बरेच दिसतात, ते चूक. बारापुल्ल्यात पुढे जोडाक्षर आहे, तिथंही 'पु' ऱ्हस्वच. लहानशा ओढ्यावरच्या, पावसात पाण्याखाली जाणाऱ्या बांधकामाला मात्र आपल्या खेड्यांत कुणी पूल म्हणत नाही. ती फरशी.