आधी पोटाचं ठरव, मग व्रणाचं

पत्र : ताई, आठ महिन्यांपूर्वी माझं दुसरं सिझेरियन झालं. त्यानंतर १९ किलो वजन उतरवलं, अजून उतरतंय. पण पोटाची कातडी टाक्यांवर झालरीसारखी लोंबते. व्रण लाल, टणक आहे आणि खाजतो. घडीत घाम साठून पुरळ येतं. एका क्लिनिकनं लेसरच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, आगाऊ पैसे भरले तर सवलत. नवरा म्हणतो, ‘कपड्यांखाली कोण बघतंय?’ मी दिवा न लावता अंघोळ करते. मी उथळ आहे का?
– आरसा टाळणारी

उत्तर : अगं, कपड्यांखाली तू बघतेस ना, रोज. तेवढं पुरे. उथळ-बिथळ काही नाहीस.

पॅकेजचे पैसे भरले नसशील तर थांब. सैल कातडी काढायचं जे ऑपरेशन असतं, टमी टक, त्यात बेंबीखालचा त्वचेचा मोठा पट्टाच कापून काढतात. सिझेरियनचा व्रण बहुतेकदा त्या पट्ट्याबरोबरच जातो. म्हणजे उद्या तू ते ऑपरेशन करून घेतलंस, तर आज पैसे मोजून लेसर केलेला व्रण गेला कचऱ्यात. (सवलत देणारा माणूस हे कशाला सांगेल म्हणा!)

त्या ऑपरेशनची अदलाबदलही नीट समजून घे. झालर जाते, पण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत नवा व्रण येतो. अंतर्वस्त्रात झाकला जाईल असा खाली घेतात, पण असतो तो आयुष्यभर. बेंबीखाली बधिरपणा काही महिने राहतो, कधी कायमचा. जखमेत पाणी साठणं, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गाठ होणं, हे धोके आहेतच. शिवाय साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, आणि तुझ्या घरात सध्या सगळ्यात जास्त वेळा उचलली जाणारी जड गोष्ट कडेवर बसलेली आहे! वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर हवं, पुढे मूल नको हे पक्कं हवं, सिगारेट ओढत असशील तर काही आठवडे आधीपासून बंद हवी. तुझं वजन अजून उतरतंय, तेव्हा आज कुणी ऑपरेशनची तारीख देऊ लागलं तर दुसऱ्या सर्जनकडे जा.

घट्ट करणाऱ्या क्रीमांवर पैसे घालवू नकोस. ताणून तुटलेले त्वचेतले लवचीक तंतू वरून चोळून जुळत नाहीत. रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा अल्ट्रासाउंडच्या उष्णतेनं थोडासा सैलपणा आवळतो. लोंबणारी घडी नाही. एक मात्र घरीच बघ. उताणी झोपून डोकं उचल. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला, तर आतले स्नायू फाकलेले असू शकतात, आणि फुगलेलं दिसणारं पोट काही अंशी त्यामुळे असेल. फिजिओथेरपिस्टला दाखव, व्यायामानं पुष्कळदा फरक पडतो.

आता व्रण. आठ महिने म्हणजे तो अजून कच्चा आहे. पूर्ण मुरायला १२ ते १८ महिने लागतात, आणि लाली, खाज बऱ्याचदा आपोआप उतरते. तोवर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल वापर. पट्टी दिवसाचे निदान १२ तास, दोन-तीन महिने नेमानं लावायची. चार दिवस लावून सोडली तर उपयोग नाही. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं बोटांनी दाबून मालिश कर, खालच्या थराला चिकटलेला व्रण त्यानं सुटा होतो. मात्र हे दोन्ही घडीतलं पुरळ गेल्यावरच. ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून लावायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. तिचा फायदा सिद्ध झालेला नाही, काहींना उलट त्यानंच पुरळ उठतं.

व्रण मूळच्या रेषेबाहेर पसरतोय का? कान टोचलेल्या जागी कधी गाठ आली होती का? तसं असेल तर ते केलॉइड असू शकतं, मग लवकर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तिथे स्टेरॉइडची इंजेक्शनं थेट व्रणात देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. केलॉइड नुसतं कापून काढलं तर बऱ्याचदा आधीपेक्षा मोठं होऊन परत येतं. आणि लेसर कधी करायचंच झालं, तर सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका आधी विचारून घे.

पुरळ मात्र थांबवून ठेवू नकोस. घडी कोरडी ठेव, बुरशीवरचं मलम डॉक्टरांना विचारूनच लाव, बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांग. दर वेळी फोटो काढून ठेव. वारंवार होणारं पुरळ हे ऑपरेशनसाठी वैद्यकीय कारण ठरू शकतं, सर्जन ते नुसत्या दिसण्यापेक्षा वेगळं धरतो.

वजन थांबलं की प्लॅस्टिक सर्जनकडे जा, नवऱ्याला घेऊन. ‘कोण बघतंय’ हा प्रश्न त्याला तिथे विचारू दे. तू मात्र सपाट पोटांचे फोटो बाजूला सारून सांग, की एक वर्षानंतरचे व्रण दाखवा.