जुनी इमारत विकायची घाई नको

वाचनालयाच्या कार्यकारिणीत तू नवा आहेस, म्हणून आधीच सांगतो. जागा अपुरी पडू लागली की पहिली सूचना ठरलेली: जुनी विकू, हमरस्त्याला नवी बांधू. पण संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय इमारत विकता येत नाही. तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टाही करता येत नाही. म्हणून आधी मिळकत पत्रिका, देणगीपत्र आणि संस्थेची घटना वाच. जागा कशासाठी दिली होती, ते तिथे सापडेल.

मग इमारत भर पावसात, जुलैत, आतून बघ. जांभ्याच्या भिंती सहसा दगा देत नाहीत. कुजतात ते वासे आणि रिपा, आणि वाळवी चढते ती भिंतीला टेकवलेल्या कपाटांना. वासे बदलून कौलं परतली की अशा वास्तू पुष्कळ वर्षं चालतात.

वापर बदलता येतोच. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी बांधलेल्या राजवाड्यात आज संग्रहालय आहे.

नदीकाठी असाल तर पूररेषा विसरू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, ते आठव. दुर्मिळ ग्रंथ नव्या, उंचावरच्या जागेत हलवा; जुन्या तळमजल्यावर वर्तमानपत्रं आणि मुलांचा विभाग राहू दे. बाजारपेठेतली वयस्क मंडळी रोज पेपर वाचायला घाटी चढून वर येणार नाहीत.