चतुर टिपताना आधी मागे बघा

तुम्ही पाठवलेला चतुराचा (ड्रॅगनफ्लायचा) फोटो पाहिला. चतुराचे डोळे सुरेख आलेत, पण मागची वाळकी काडी थेट त्याच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं; किडा दिसला की मागचं काही दिसतच नाही.

सध्या दोनच गोष्टी सांभाळा:

- मागची झाडी किड्यापासून जितकी लांब, तितकी ती मऊ, एकसंध दिसते. वरून टिपू नका, मागे जमीन आणि काटक्या येतात. चतुर उडाला तरी बऱ्याचदा त्याच काडीवर परतून बसतो. तेवढ्यात गुडघे टेकून त्याच्या पातळीवर या.
- कॅमेरा चार बोटं सरकवून बघा. पांढरं आभाळ जाऊन हिरवं पान येतं.

फ्लॅश वापरलात तर मात्र त्याचा उजेड लांबवर पोचत नाही, म्हणून मागचं काळं पडतं. तेव्हा वीतभर मागे एखादं रुंद पान येईल असा कोन शोधा. पुढचा फोटो नक्की दाखवा.