एसटीपीच्या सेटलिंग टँकमधून रोज सकाळी गाळ वाहून जातो; ट्यूब सेटलर बसवावेत का?

बाणेरमधील आपल्या सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) दिवसाला १०० घनमीटर सांडपाणी येते, गाळ खाली बसवणाऱ्या सेटलिंग टँकचे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर आहे आणि ठेकेदार ट्यूब सेटलरचा (टँकमध्ये बसवायच्या तिरक्या नळ्यांचा) आग्रह धरतो आहे, असे आपण लिहिले आहे. पुण्यातील अशा प्रकल्पांवर काम करताना मला एक सवय लागली : टँकला हात लावण्याआधी गाळ तपासायचा.

एअरेशन टँकमधील (जिथे सांडपाण्यात हवा सोडली जाते) मिश्रण एक लिटरच्या मोजपात्रात भरून ३० मिनिटे स्थिर ठेवावे. बसलेल्या गाळाच्या मिलिलिटरला एमएलएसएसने (त्या मिश्रणातील घन कणांच्या प्रमाणाने, ग्रॅम प्रति लिटरमध्ये) भागले की एसव्हीआय, म्हणजे गाळ किती घट्ट बसतो याचा निर्देशांक, मिळतो. ३०० मिलिलिटर आणि ३ ग्रॅम असल्यास तो १०० येतो, म्हणजे गाळ उत्तम आहे; तो १५०च्या बराच वर असेल, तर गाळ फुगलेला असून त्यामागे बहुधा हवेच्या कमतरतेमुळे वाढलेले तंतुमय जिवाणू असतात, आणि त्यावर ट्यूब हा उपाय नव्हे. मोजपात्र लगेच रिकामे करू नये. बसलेला गाळ तासा-दोन तासांनी ढेकळांसारखा वर आला, तर नायट्रेटपासून तयार होणारा नायट्रोजन वायू त्याला उचलतो आहे. अशा वेळी गाळ हॉपरमध्ये (टँकच्या तळाशी तो जमा होतो त्या भागात) रेंगाळू न देता एअरेशनकडे लवकर परत न्यावा.

आपला त्रास मात्र सकाळचाच असल्याने माझा संशय पंपावर आहे. दिवसभराच्या सरासरीने टँकवरील भार दर चौरस मीटरला दिवसाला २० घनमीटर, म्हणजे वाजवी आहे. पण सकाळी टँककडे पाणी सोडणारा पंप ताशी १० घनमीटरने चालत असेल, तर तेवढ्या वेळेपुरता तो भार दिवसाच्याच हिशेबाने ४८ होतो. गाळाचे कण बसणे खोलीपेक्षा पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, हे अमेरिकी अभियंते ॲलन हेझन यांनी १९०४ मध्येच मांडले होते. तरीही टँक खोल करण्याचे सल्ले अजून दिले जातात. इक्वलायझेशन टँकमध्ये (येणारे सांडपाणी आधी साठवण्याच्या टाकीत) सकाळचा लोंढा साठवून दिवस-रात्र ताशी सव्वाचार घनमीटरच्या आसपास पाणी सोडावे.

त्याच वेळी गवंड्याच्या लेव्हल-पाइपने विअरची (टँकमधील पाणी ज्या काठावरून बाहेर पडते त्याची) पातळी तपासून घ्यावी, कारण काही मिलिमीटरच्या फरकानेही सगळे पाणी एकाच बाजूने धावते आणि गाळ ओढून नेते. एवढे करूनही स्वच्छ बसणारा गाळ वाहून जात राहिला, तरच ट्यूबचा विचार करावा. त्या नियमित धुवाव्या लागतात, हा खर्च ठेकेदाराकडून आधीच लेखी घ्यावा.