तळहात-तळपायांवर फोड आले म्हणजे कांजिण्याच का?

नाही. तुमच्या दीड वर्षाच्या मुलीला दोन दिवस ताप होता, आता तळवे आणि ढुंगणावर लालसर फोड आहेत, आणि सासूबाई कडुनिंबाचा पाला आणायला निघाल्यात. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे अगदी हेच झालं. मुलगा दोन वर्षांचा, पाळणाघरात जाणारा.

डॉक्टरांनी आधी तळवे पाहिले, मग बॅटरी मारून तोंड. कांजिण्या छाती-पोट-पाठीवर दाट येतात, खाजतात, आणि नवा फोड, पाणी भरलेला फोड, खपली हे सगळं एकाच वेळी दिसतं. गोवर कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतो. त्याआधी खोकला, लाल डोळे. आमचं निघालं 'हँड फूट माउथ', कॉक्सॅकी विषाणूमुळे होणारं. २०२२ साली केरळातून 'टोमॅटो फ्लू'ची बातमी आली होती ना, तोही हाच. (गावाहून मामांचा फोन: "गुरांचं लाळ्या-खुरकूत पोराला कसं झालं?" गुरांच्या रोगाचं इंग्रजी नाव 'फूट अँड माउथ', म्हणून गोंधळ; त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

फोडांचं काही करावं लागलं नाही. छळलं ते तोंडातल्या व्रणांनी. लाळेरं तासाभरात चिंब, भूक लागलेली, पण घास जिभेला लागला की किंकाळी. मोसंबीचा रस दिला ही आमची चूक, आंबटाने आणखी झोंबलं. मग गार दूध, गार पेज, आणि आजीचा डोळा चुकवून आइस्क्रीम. वाटीने नाही, चमच्या-चमच्याने, दर दहा मिनिटांनी. पॅरासिटामॉल वजनानुसार, डॉक्टरांना विचारून. ॲस्पिरिन अजिबात नाही. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग नसतो, मागून घेऊ नका.

तुम्हीही एकदा डॉक्टरांना दाखवाच. सहा-आठ तास शू झाली नाही, सारख्या उलट्या, झोपेत दचकून झटके, पोर मलूल किंवा ताप तीन दिवसांपुढे गेला, तर मात्र रात्र असली तरी निघा.

सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, या विषाणूला साबण-पाणीच बरं. शीतून तो कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून डायपर बदलल्यावर हात नीट धुवा.

आठ-दहा दिवसांत सगळं गेलं. महिन्याभराने मोजे काढताना अंगठ्याचं नख मुळापासून सुटून आलं, तेव्हा मात्र मी हादरले. पण या आजारानंतर असं होतं म्हणे. खाली नवं नख आधीच डोकावत होतं.