चिनी कलेने बाहेरच्यांकडून काही घेतलं का, की बाकीचेच चीनची कॉपी करत राहिले?

घेतलं, आणि भरपूर घेतलं. तुमचा प्रश्न वाचला आणि पहिल्यांदा आठवली ती निळी-पांढरी भांडी. 'चिनी' म्हटलं की कुणालाही पटकन तीच आठवतात आणि नेमकी तीच चीनने एकट्याने घडवलेली नाहीत. मी पुण्यात गेली बारा वर्षं पॉटरी करते, कोबाल्टने (भट्टीत निळा रंग देणाऱ्या खनिजाने) रंगवणं हे माझं सगळ्यात आवडतं काम, म्हणून सगळं उत्तर भांड्यांवरूनच देतेय. चित्रकला, रेशीम, बुद्धमूर्ती यांच्यावर कुणीतरी वेगळं लिहायला हवं.

आधी ओळख बघा. आपण कुठल्याही बरणीला कपाला 'चिनी माती' म्हणतो, इंग्रज 'चायना' म्हणतात, इराणात 'चीनी' म्हणतात. म्हणजे नावापुरतं श्रेय चीनला मिळालेलंच आहे, आणि मातीसाठी ते बरोबरच आहे. त्या पांढऱ्या मातीचं केओलिन हे नावसुद्धा जिंगदेझेन या चीनमधल्या भांड्यांच्या शहराजवळच्या गाओलिंग गावावरून आलंय. पण निळ्याची गोष्ट वेगळी आहे.

नवव्या शतकात इराकमध्ये, बसऱ्याकडे, चीनहून पांढरी शुभ्र भांडी यायची आणि लोक त्यांच्यावर खूश होते. तिथल्या कुंभारांना तसंच करायचं होतं पण ती माती त्यांच्याकडे नव्हती, तेवढी तापणारी भट्टीही नव्हती. मग त्यांनी काय केलं, तर आपल्या साध्या पिवळट मातीवर कथील घातलेला ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढवला, त्याने वरून दुधासारखा पांढरा थर येतो आणि खालची माती झाकली जाते. आणि एवढं छान पांढरं मिळाल्यावर त्यांनी ते कोरं ठेवलं नाही, त्याच्यावर कोबाल्टने निळी पानं, फुलं, अक्षरं काढली. चीनहून येणारं भांडं कोरं होतं, निळं यांनी घातलं. साधारण त्याच काळात, थांग राजवटीत, चीनच्या गोंगशियान भागातल्या भट्ट्यांमध्येही थोडीफार निळी-पांढरी भांडी झाली. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ एक बुडालेलं जहाज सापडलं, त्यातल्या एका वाडग्यावर ८२६ सालाची तारीख आहे. साठ हजारांच्या आसपास चिनी भांडी होती त्यात आणि त्यातली तीन ताटं निळी-पांढरी. जहाज मात्र अरबी पद्धतीचं, फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीने शिवलेल्या. त्या ताटांवरची नक्षी चिनी ग्राहकासाठी काढलेली वाटत नाही, पश्चिम आशियाच्या गिऱ्हाइकाला आवडेल अशीच आहे.

पण चीनमध्ये ते तेव्हा फारसं रुजलं नाही. पुढच्या सोंग काळात चिनी लोकांना आवडायचं ते एकदम शांत भांडं, सेलाडॉन नावाच्या हिरवट ग्लेझचं नाहीतर किंचित निळसर झाक असलेलं पांढरं, नक्षी असलीच तर कोरलेली आणि जेमतेम दिसणारी.

मग मंगोल आले आणि सगळं बदललं. चीनमध्येही मंगोल, इराणमध्येही मंगोल, एकाच घराण्याच्या शाखा, त्यामुळे माल, माणसं, कारागीर इकडून तिकडे जायला लागले. १२७० च्या दशकात इराणमध्ये तख्त-ए-सुलेमानला मंगोल राजाचा महाल झाला त्याच्या टाइल्सवर चिनी ड्रॅगन आणि फिनिक्स आहेत, आणि त्यानंतर इराणी चित्रांमधला सीमुर्ग हा दंतकथेतला पक्षीही त्या चिनी पक्ष्यासारखाच लांब शेपटीचा दिसायला लागला. उलट्या दिशेने गेला तो कोबाल्ट. काशानजवळ कमसर नावाचं गाव आहे, तिथे हा दगड निघायचा. १३०१ मध्ये काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने भांड्यांच्या कामावर लिहून ठेवलंय त्यात तो याला लाजवर्द म्हणतो आणि कमसरचं नाव देतो. आपल्या मराठीत लाजवर्दी रंग म्हणतात ना, तोच शब्द.

आता इथे थोडं कामाचं सांगते, त्याशिवाय मजा कळणार नाही. कोबाल्टची पावडर काळपट असते, पाण्यात कालवून ब्रशने लावताना रेघ काळीच दिसते, निळं काही नाही, भट्टी उघडल्यावरच कळतं काय झालंय. एक टक्क्याहूनही कमी पडला तरी गडद रंग येतो, आणि मुख्य म्हणजे तो १३०० डिग्रीच्या आसपासही टिकतो. तिथे बाकीचे बहुतेक रंग उडून जातात, तांब्याचा लाल जमतो पण तो फार लहरी. म्हणजे जिंगदेझेनच्या तापमानाला ब्रशने बारीक चित्र काढायचं तर हाच एक भरवशाचा रंग होता. आणि ते लोक कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर रंगवायचे, मग ग्लेझ, मग एकदाच भट्टी. मी हे करून बघितलंय, ब्रश टेकल्या टेकल्या माती पाणी शोषून घेते, रेघ पुसता येत नाही, हात थांबला की तिथे ठिपका. चीनमध्ये कागदावर शाईने लिहायची चित्रं काढायची सवय शेकडो वर्षांची, तिथला ब्रश धरायला शिकलेला हात आणि इराणचा रंग एकत्र आले म्हणून त्या रेषेत एवढा जीव आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १३५१ साल लिहिलेल्या दोन फुलदाण्या आहेत, एका माणसाने मंदिराला दिलेल्या, धरायच्या मुठी हत्तीच्या डोक्याच्या आकाराच्या, अंगावर ड्रॅगन. तोपर्यंत हात पूर्ण बसलेला दिसतो. पण त्या काळचा बराचसा मोठा माल बाहेर जायचा. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीची ताटं करायचे, चिनी माणूस छोट्या वाडग्यात जेवतो, त्याला एवढ्या ताटाचं काय काम, ती होती पश्चिम आशियात सगळ्यांनी मिळून एका ताटात जेवायला. नक्षीसुद्धा इराणी पितळी तबकांसारखी, मधून बाहेर एकात एक वर्तुळं, कुठे म्हणून रिकामी जागा नाही. फक्त त्या वर्तुळांत भरलंय ते चिनी, कमळं, बदकं, लाटा. अशी ताटं इस्तंबूलच्या तोपकापी महालात आहेत, इराणच्या अर्दबीलच्या दर्ग्यात होती (शाह अब्बासने १६११ मध्ये हजाराहून जास्त चिनी भांडी तिथे अर्पण केली), आणि दिल्लीत तुघलकांच्या राजवाड्याच्या जागेवरही त्यांचे तुकडे निघालेत.

आणि खुद्द चीनमध्ये काय म्हणत होते? १३८८ मध्ये साव झाओ नावाच्या जाणकाराने जुन्या वस्तूंवर लिहिताना निळ्या नक्षीची भांडी फारच सवंग असा शेरा मारलाय. म्हणजे आज ज्याला आपण अस्सल चिनी म्हणतो ते त्यांच्याच रसिकाला भडक वाटत होतं! पुढे मंगोलांनंतर आलेल्या मिंग राजवटीच्या दरबाराने ते उचलून धरलं. इराणी कोबाल्टमध्ये लोह जास्त, त्यामुळे जिथे रंग जाड पडतो तिथे काळसर डाग येतात, चीनच्या खाणीतल्या कोबाल्टमध्ये मँगनीज जास्त, त्याचा निळा जरा करडा येतो. अठराव्या शतकात जिंगदेझेनचे कारागीर जुन्या मिंग भांड्यांसारखी भांडी करायचे तेव्हा ते काळे डाग ब्रशने एक एक ठिपका देऊन मुद्दाम काढायचे. परदेशी रंगाची ती खोड होती आणि तीच जुन्या चांगल्या कामाची खूण ठरली, मला या सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात आवडते.

युरोपचं थोडक्यात, कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतं. पोर्तुगीज जहाजांतून चिनी भांडी जायची, त्यातलं साओ तियागो नावाचं जहाज गोव्याहून निघालेलं, १६०२ मध्ये सेंट हेलेना बेटाजवळ डचांनी पकडलं, पुढच्या वर्षी सिंगापूरजवळ सांता कातारिना पकडलं, माल नेदरलँड्समध्ये विकला आणि तिथे निळ्या-पांढऱ्याचं वेडच लागलं. १६४४ मध्ये मिंग राजवट पडली, चीनमधल्या लढायांमुळे माल कमी झाला, तेव्हा नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराच्या कुंभारांनी ती जागा घेतली. त्यांच्याकडेही ती माती नव्हती. मग साध्या मातीवर कथलाचा पांढरा ग्लेझ आणि वर कोबाल्ट, म्हणजे त्याच्या आठशे वर्षं आधी बसऱ्यात केलेलं तेच, आणि ही रीत खरंच तिकडूनच स्पेन, इटली असं करत त्यांच्यापर्यंत पोचली होती. डच टाइल्स पुढे पोर्तुगालला गेल्या, तिथल्या अझुलेजोंवर, म्हणजे भिंतीवरच्या रंगीत टाइल्सवर, निळा-पांढरा रंग चढला, आणि पणजीत फोंतेन्यासमध्ये घरांच्या नावाच्या ज्या टाइल्स बघता त्याही याच कुळातल्या.

तर तुमच्या प्रश्नातलं 'कॉपी' कुठून कुठे मोजायचं तेच अवघड आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी विलो पॅटर्न निघाला, पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी, झुकलेलं झाड, सगळं इंग्रजांनी चिनी नक्षीचे तुकडे जुळवून बनवलेलं, अशी कुठली एक चिनी नक्षी नव्हती. तो इतका खपला की चीनच्या कारागिरांना त्याच्या ऑर्डर यायला लागल्या, समोर इंग्रजी नमुना ठेवायचा आणि तो पूल, ती तीन माणसं हाताने रंगवायची.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, एक सकाळ काढून जा. आणि निळी नक्षी असेल तिथे जरा वाकून बघा, रेघ कुठे सुरू झाली आणि ब्रश कुठे उचलला ते अजून दिसतं.