बागेत मुंगूस येतंय? येऊ द्या

नाशिकच्या गंगापूर रोडला बंगल्याच्या बागेत मुंगूस दिसणं नवलाचं नाही, घाबरू नका. नवखे लोक पहिल्यांदा दूध-पोळी ठेवतात. तेवढं टाळा. उंदीर, किडे, सरडे त्याचं तो शोधतो. उन्हाळ्यात सावलीत पसरट ताटलीभर पाणी ठेवलंत की पुष्कळ.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उंदराचं औषध बंद. विष खाल्लेला उंदीर मुंगसाच्या पोटात गेला की तोही जातो.

कुंपणालगतचा पालापाचोळा थोडा राहू द्या, माळी कुरकुरेल. कोंबड्या असतील तर खुराडं पक्कं हवं, अंडी तो सोडत नाही. पिल्लू एकटं दिसलं तरी उचलू नका, आई तोंडात धरून जागा बदलते. जखमी असेल तर वन विभागाला १९२६ वर कळवा. मुंगूस पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.